नवी वनस्पती फक्त ऑनलाइन जाहीर झाली तर तिचं नाव ग्राह्य का?

सड्यावरचा
राम राम मंडळी.
आमच्या निसर्गमंडळाच्या व्हॉट्सॲप गटात परवापासून जुंपली आहे. निमित्त सेरोपेजिया शिवरायीना. विशाळगड परिसरात मिळालेलं कंदीलपुष्प, २०२५ मध्ये महाराजांच्या नावाने जाहीर झालेलं. बातमी तुम्ही वाचली असेलच. कोणीतरी मूळ निबंधाची लिंक टाकली, तर गटातले एक ज्येष्ठ म्हणाले, "ही नेटवरची पीडीएफ झाली. छापील अंक दाखवा, मग मानू."

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, नेटवर जाहीर झालेलं नाव शास्त्रात धरतात की नाही? दुसरी म्हणजे प्रश्न कमी आणि मत जास्त: धरत असतील, तर मग ही नियतकालिकं हवीतच कशाला? गावातल्या एखाद्या पोराला सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, नवं फूल दिसलं, त्याने फोटो काढला, वर्णन लिहिलं, जागा सांगितली आणि फुकटच्या संकेतस्थळावर टाकलं. झालं की काम! दोन-तीन वर्षं थांबायचं, इंग्रजी झाडायचं, कोणाकोणाच्या पाया पडायचं, हे कशासाठी?

मालवणी_खाजा
जागा पकडून ठेवतो. चहा घेऊन येतो.

हर्बेरियमवाली
पहिल्याचं उत्तर सोपं आहे. धरतात, आणि १ जानेवारी २०१२ पासून धरतात. जुलै २०११ मध्ये मेलबर्नला आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषद झाली, तिथे ठरलं. अट इतकीच की मजकूर पीडीएफ स्वरूपात हवा आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन क्रमांक असलेल्या ऑनलाइन प्रकाशनात यायला हवा. शैवाल, बुरशी आणि वनस्पती या तिन्हींना हा नियम लागू आहे. बुरशीवाल्यांना त्यावर आणखी एक काम: २०१३ पासून नावाची आधी नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो.

त्याआधी काय गंमत होती ते सांगते. २०१० मध्ये प्लॉस वन या निव्वळ ऑनलाइन नियतकालिकात वांग्याच्या कुळातल्या चार नव्या वेली जाहीर झाल्या. नावं ग्राह्य व्हावीत म्हणून त्या लोकांनी निबंधाच्या छापील प्रती काढून ग्रंथालयांना पाठवल्या. जग वाचणार पडद्यावर आणि कायदा बघणार कपाटातली प्रत! तुमच्या गटातले ज्येष्ठ त्या काळातले दिसतात. आणि शिवरायीना ज्या नियतकालिकात जाहीर झालं ते फायटोटॅक्सा तर छापूनही निघतं, त्यामुळे तिच्याबद्दल त्यांची तीही तक्रार राहू नये.

ब्लॉग, फेसबुक, यूट्यूब, साधं वेबपान यातलं काहीच चालत नाही. परिषदेतल्या निबंधाचा गोषवारा पीडीएफमध्ये आला आणि त्यात नुसतं नाव असलं, वर्णन नसलं, तर त्याला नोमेन न्यूडम म्हणतात. उघडंनागडं नाव. कोणी विचारत नाही त्याला.

मालवणी_खाजा
म्हणजे लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून पाठवली तर लग्न ग्राह्य, आणि स्टेटसला ठेवली तर नाही. कळलं.

कागदी_वाघ
मी त्या ज्येष्ठांच्या बाजूने. हयात ग्रंथालयात गेली, म्हणून बोलतो. मलबारातल्या वनस्पतींवरच्या होर्टुस मलबारिकुस या ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ दरम्यान ॲमस्टरडॅमला छापले. आज उघडा, अक्षर न् अक्षर दिसतं. पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र आहे, नागरी लिपीत. साडेतीनशे वर्षांपूर्वीची नागरी अक्षरं युरोपात छापलेली! कागद होता म्हणून टिकली. तुमची २०१२ ची पीडीएफ २३१२ मध्ये कोण उघडणार? माझ्याकडच्या फ्लॉप्या आत्ताच कोणी उघडत नाही.

पेन्शनर_काका
वाघोबा, दाखला सुंदर. पण घोळ असा की होर्टुस मलबारिकुसमधली नावं नामकरणात धरतच नाहीत. वनस्पतींच्या नावांची मोजणी सुरू होते १ मे १७५३ पासून, लिनियसच्या पुस्तकापासून. आधीचं सगळं बाद. मात्र लिनियसने त्या खंडांतली चित्रं बघून कित्येक नावं दिली आणि त्यांतल्या काही नावांना आज प्रमाण नमुना, म्हणजे नाव ज्याला बांधलेलं असतं तो पुरावा, म्हणून तीच चित्रं आहेत. नाव गेलं, चित्र राहिलं.

हर्बेरियमवाली
@कागदी_वाघ, कागदाबद्दल मला फार प्रेम राहिलेलं नाही. आपल्याकडच्या छोट्या संस्थांच्या पत्रिका आठवा. अंक निघायचा मार्चचा म्हणून, छापून यायचा पुढच्या दिवाळीला, आणि पोचायचा चार ग्रंथालयांत. मग कोणाचं नाव आधी, यावर भांडण. अंकावरची तारीख खरी की टपालाचा शिक्का खरा? पीडीएफचा दिवस निदान नोंदलेला असतो. ती एकापेक्षा जास्त ठिकाणी सुरक्षित ठेवावी अशी नियमावलीत शिफारसही आहे. आता शिफारस म्हणजे सक्ती नव्हे, हा मुद्दा तुमचा.

कागदी_वाघ
तेच म्हणतोय. शिफारस.

अवलिया_७७
मुळात या नियमावलीत तज्ज्ञांनी तपासणी केली पाहिजे अशी अटच नाही, हे किती जणांना माहीत आहे? आयएसएसएन क्रमांक काढणं फार अवघड नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं आता गल्लोगल्ली आहेत. उद्या कोणी तेरड्याच्या नेहमीच्या रोपावर दोन केस जास्त बघून त्याला आपल्या सासऱ्यांचं नाव दिलं आणि अशा दुकानात छापलं, तर ते नाव नियमाने प्रकाशित होतं. मग खऱ्या अभ्यासकाने आयुष्यातले सहा महिने घालून ते समानार्थी ठरवायचं. ऑनलाइनमुळे ही घाण वाढली.

हर्बेरियमवाली
अर्धं बरोबर. तपासणीची अट नाही हे खरंच. पण ती कागदाच्या काळातही नव्हती. स्वतःच्या पैशाने पुस्तिका छापून शेकडो नावं देणारे महाभाग शंभर वर्षांपूर्वीही होते. फरक वेगाचा.

शेवंता
मला वनस्पतिशास्त्रातलं काही कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. एक भाबडा प्रश्न. नवी आहे हे ठरवतात कसं? म्हणजे आधी कोणी नाव दिलेलं नाही, हे कसं कळतं?

पेन्शनर_काका
शेवंताताई, भाबडा कसला, हाच तर खरा प्रश्न. आमच्या वेळी हेच काम जीव घ्यायचं. कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या वर्णनांचा ग्रंथ, १९०१ ते १९०८ मधला, तो उशाशी. त्यात बसलं नाही की हुकरचा ब्रिटिश इंडियाचा. त्यातही नाही, तर मग मूळ नमुने बघायचे. आणि ते कुठे? डाल्झेल या जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबई इलाख्यात गोळा केलेल्यांपैकी बरेच क्यूला, लंडनजवळच्या वनस्पतिउद्यानात. आपल्या बोटॅनिकल सर्व्हेचा एक माणूस क्यूला नेमलेला असायचा, त्याला पत्र लिहायचं. तो कपाट उघडून बघणार, टिपणं पाठवणार, कधी फोटो. हे सगळं टपालाने. तोवर इकडे फुलाचा हंगाम संपून पुढचा आलेला.

आज तेच नमुने मोठ्या स्पष्ट चित्रांसकट घरी बसून दिसतात. आपल्या सर्व्हेचेही बरेच नमुने नेटवर आले. जुनी पुस्तकं फुकट वाचायला मिळतात. नावांची सूची म्हणाल तर आयपीएनआय आहे, क्यू, हार्वर्ड आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालयाने मिळून चालवलेली. वर्षाला साधारण दोन हजार नव्या वाहिनीवंत वनस्पती जाहीर होतात, त्या तिथे नोंदल्या जातात. छापणं ऑनलाइन झालं यापेक्षा हे बघणं ऑनलाइन झालं, ही खरी क्रांती. कोल्हापूरच्या किंवा सावंतवाडीच्या पोराला आता लंडनच्या कपाटाची किल्ली लागत नाही.

लॅटिनचीही एक गोष्ट. १९३५ पासून २०११ संपेपर्यंत वर्णन किंवा जवळच्या जातीपासूनचा फरक लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं. मेलबर्नलाच ते सैल झालं, आता लॅटिन किंवा इंग्रजी. आम्हाला कुठलं लॅटिन! जवळच्या जातीचं जुनं वर्णन घ्यायचं, विशेषणं बदलायची, पानं 'लॅन्सिओलाटिस' होती ती 'ओव्हाटिस' करायची आणि धडधडत्या काळजाने पाठवायचं. मुंबईवाल्यांची सोय होती, झेवियर्सला जेझुइट फादर होते. फादर सांतापाव तर पुढे बोटॅनिकल सर्व्हेचे संचालक झाले. आम्हा मोफसिलवाल्यांना कोण फादर?

मालवणी_खाजा
काका, दंडवत. 'आम्हाला कोण फादर' हे वाक्य संदर्भ सोडून कुठे वापरू नका.

सड्यावरचा
लॅटिन किंवा इंग्रजी! मराठी का नको? फूल आमच्या सड्यावर, ते ओळखणारा गुराखी आमचा आणि वर्णन इंग्रजीत?

ऑकलंडकर
१९३५ च्या आधी तशी सूट होती, कुठल्याही भाषेतलं वर्णन चालायचं. जर्मन, फ्रेंच, रशियन, सगळं आहे त्यात. आणि ते वाचताना आजही लोक कपाळावर हात मारतात. आताही निबंधाचा बाकीचा भाग मराठीत लिहायला बंदी नाही. जवळच्या जातीपासून फरक सांगणाऱ्या दोन-चार ओळी तेवढ्या इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये हव्यात. छापणारं कोणी मिळालं तर करून बघा. मी वाचेन.

बाय द वे, फायटोटॅक्सा आमच्या गावचं, ऑकलंडहून निघतं. तिथे छापायला पैसे पडत नाहीत, पण लेखकाने वेगळे पैसे भरून निबंध खुला केला नसेल तर वाचायला पडतात. फायटोकीजमध्ये उलटं, वाचणं सगळ्यांना फुकट आणि लेखकाकडून शुल्क. कोईम्बतूरचं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा वाचायला फुकट. तेव्हा 'ऑनलाइन' म्हणजे 'सर्वांना खुलं' असं अजिबात नाही. पीडीएफ भिंतीआड असली तरी नाव ग्राह्य.

अवलिया_७७
म्हणजे सड्यावरच्या फुलाचं वर्णन सड्यावरच्या माणसाला वाचायचं तर डॉलर मोजा. वा.

झूम_लेन्स
धागाकर्त्याच्या दुसऱ्या मुद्द्याला माझा पाठिंबा. दर पावसाळ्यात आम्ही शेकडो फोटो टाकतो, त्यातूनच शोध लागतात. ब्राझीलचं ड्रोसेरा मॅग्निफिका घ्या. एका हौशी माणसाने डोंगरावर काढलेला फोटो २०१२ मध्ये फेसबुकवर टाकला. तज्ज्ञाच्या नजरेस पडला, आणि २०१५ मध्ये नवी जात जाहीर झाली. अमेरिका खंडातला सर्वांत मोठा दवबिंदू (ही कीटक खाणारी वनस्पती), माणसाच्या छातीला लागेल एवढा वाढतो. फोटो नसता तर कोणाला कळलं असतं?

हर्बेरियमवाली
@झूम_लेन्स, दाखला अचूक, पण तो माझ्या बाजूचा आहे :) फोटो पाहिल्यावर ते लोक त्या डोंगरावर गेले, झाड गोळा केलं, दाबून वाळवलं आणि संग्रहालयात ठेवलं. मग निबंध. नव्या जातीच्या नावाला एक प्रमाण नमुना बांधलेला असावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहालयात आहे हे निबंधात लिहावं लागतं. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे, आघारकर संस्था, मुंबईत ब्लॅटर, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ अशी आपल्याकडची ठिकाणं आहेत. प्रकाशन पीडीएफमध्ये चालतं. नमुना चालत नाही, तो प्रत्यक्ष वनस्पतीचा, वाळवून किंवा द्रवात टिकवून ठेवलेलाच लागतो. कुंडीतलं जिवंत झाडही चालत नाही.

कारण साधं आहे. कंदीलपुष्पात आत किरीटाचे भाग कसे आहेत, गेंदाच्या बीवरची नक्षी कशी आहे, यावर जात ठरते. पाणगेंदाचं बोंड करंगळीच्या नखाएवढं, त्यातलं एकेक फूल भिंगाखाली उकलावं लागतं. आघारकरच्या मंडळींनी सिंधुदुर्गातून एरिओकॉलॉन पार्विसेफालम दिलं, ते फोटोवरून सात जन्मात ओळखता आलं नसतं.

आणि वेळ का लागतो? तळेगाव दाभाड्याची डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा बघा. २०२० मध्ये पहिल्यांदा गोळा केलेली, २०२४ मध्ये क्यू बुलेटिनमध्ये जाहीर झालेली. मधली वर्षं कुठे गेली? ती दोनदा फुलते. एकदा पावसाळ्यानंतर, आणि नंतर गवताला वणवा लागून गेल्यावर पुन्हा, खुरट्या रूपात. दोन्ही बहर वर्षामागून वर्षं बघितल्याशिवाय ही एकच वनस्पती आहे हे छातीठोक कोण सांगणार? घाई केली असती तर एकीच्या दोन जाती झाल्या असत्या.

सड्यावरचा
हे पटलं. वणव्याचं माहीत नव्हतं. आमच्याकडे सडे दरवर्षी पेटवतात, तिथेही कोणीतरी असं बघायला हवं.

कंदीलवेडी
मूळ लेखातल्या 'जागा सांगितली' या दोन शब्दांवर कोणी बोललंच नाही म्हणून लिहितेय.

कृपा करून जागा सांगू नका. व्हिएतनाममध्ये १९९९ साली पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स हे ऑर्किड जाहीर झालं. संग्राहक आणि व्यापारी तुटून पडले, काही वर्षांत रानातून जवळपास नाहीसं. पेरूचं फ्रॅग्मिपेडियम कोवाचीई तर चित्रपटासारखं. २००२ मध्ये एका अमेरिकन ऑर्किडवाल्याने रस्त्याकडेला विकत घेतलं आणि परवान्याविना फ्लोरिडाला नेलं. तिथल्या उद्यानातल्या तज्ज्ञांनी काही दिवसांत विशेष पुरवणी काढून त्याच माणसाच्या नावाने ते जाहीर केलं. दुसऱ्या एका तज्ज्ञाने त्याच फुलाला पेरूच्या नावावरून नाव ठेवलं होतं, ते मोजक्या दिवसांनी मागे पडलं. खटला झाला, शिक्षा झाली, पण नाव बदललं नाही. आधी आलं ते राहिलं.

हे कागदाच्या काळातलं. आता पीडीएफ संध्याकाळी येते आणि रात्री गाडी निघते. आपल्या खरपुडीचे, म्हणजे कंदीलपुष्पाचे, कंद काही लोक खायला उकरतात, त्याचं मला फार वाईट वाटत नाही, पिढ्यान् पिढ्या चाललंय. पण हौशी लोक गाड्या घेऊन येतात आणि कंदासकट नेतात, ते निराळं. कित्येक सेरोपेजिया दोन-चार कड्यांपुरत्याच आहेत.

झूम_लेन्स
पण जागाच लपवली तर ते शास्त्र कसलं? दुसऱ्याने जाऊन पडताळायचं कसं? आणि खाण येणार असेल, रस्ता येणार असेल, तर 'इथे ही वनस्पती आहे' हे जाहीर असणंच तिला वाचवतं. कोकणातल्या सड्यांना 'पडीक' म्हणतात सरकारदरबारी. कागदोपत्री फूल नसेल तर जेसीबी थांबवायचा कशाच्या जोरावर?

कंदीलवेडी
हा मुद्दा खरा आहे, आणि याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. सड्यावरचं गवत किंवा गेंद असेल तर बिनधास्त सांगा, चोर नाही येणार, जेसीबी येईल. ऑर्किड, कंदीलपुष्प, सुंदर कंद असेल तर तालुक्यापर्यंत थांबा. नियमावलीला अक्षांश-रेखांश लागत नाहीत. अचूक जागा नमुन्याच्या शीटवर आणि वनखात्याकडे राहू दे. पडताळायचं असेल त्याने संग्रहालयात जाऊन विचारावं, तिथे माणूस समोर दिसतो.
आणि झूमदादा, फोटो टाकताना जीपीएस काढत जा. मागच्या पावसाळ्यातला तुमचा एक फोटो मी बघितलाय.

झूम_लेन्स
काढला आताच.

पेन्शनर_काका
शिंदळ माकुडी आठवली. फ्रेरिया इंडिका, डाल्झेलने १८६० च्या दशकात गव्हर्नर फ्रेअरच्या नावाने दिलेली. आता ती ब्युसेरोसिया या प्रजातीत घालतात. सह्याद्रीच्या कड्यांवर लोंबकळते. एके काळी तिचं नाव जगातल्या अति दुर्मीळ वनस्पतींत घेत. मग लोकांनी फांद्या लावून ती कुंड्यांत वाढवली, काही ठिकाणी कड्यांवर परत नेऊन लावली. सगळेच हौशी चोर नसतात, एवढंच.

अवलिया_७७
कायद्याचं कोणी बोलणार का? गावातला पोरगा अभयारण्यात जाऊन झाड उपटणार म्हणजे वनखात्याची परवानगी. त्याला कोण देणार?

हर्बेरियमवाली
अभयारण्यात परवानगी हवीच, आणि एकट्याला ती मिळवणं कठीण, हे नाकारत नाही. म्हणून महाविद्यालयाशी किंवा संस्थेशी जोडून घेणं बरं. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यात कलम ३९ आहे: नवी जात सापडली की नेमून दिलेल्या संस्थेला कळवायचं आणि नमुना तिथे ठेवायचा. परस्पर परदेशी मित्राला पाकीट पाठवायचं नाही.

शेवंता
आणि पोराचं नाव? श्रेय कोणाला?

हर्बेरियमवाली
त्याने नुसतं दाखवलं असेल तर आभारात. सोबत काम केलं असेल तर लेखकांत, आणि मग वनस्पतीच्या नावापुढेही त्याचं नाव लागतं, कायमचं. हे आधी बोलून घ्यावं, लिहून घ्यावं. जागा दाखवणाऱ्या गुराख्याचं नाव आभारातही न घालणारे निबंध मी वाचलेत, आणि मला त्यांचा राग येतो.

ऑकलंडकर
मूळ गटातल्या भांडणासाठी एक बारीक मुद्दा. बरीच नियतकालिकं निबंध आधी ऑनलाइन टाकतात आणि अंक मागून निघतो. तारीख कोणती? अंतिम पीडीएफ नेटवर आली ती. पृष्ठक्रमांक नंतर बदलले तरी हरकत नाही. पण 'स्वीकारलेलं हस्तलिखित, मुद्रितशोधन बाकी' असं लिहिलेली कच्ची प्रत धरत नाहीत, आणि परीक्षणाआधी संग्रहस्थळावर टाकलेलीही नाही. एकदा अंतिम प्रत आली की मागाहून गुपचूप दुरुस्ती केली तरी नियमाच्या दृष्टीने ती झालीच नाही. प्राणीवाल्यांनीही सप्टेंबर २०१२ मध्ये ऑनलाइनला परवानगी दिली, पण झूबँक या त्यांच्या नावांच्या नोंदवहीत नोंदणीच्या अटीवर. वनस्पतींना नोंदणी सक्तीची नाही.

सड्यावरचा
ऑकलंडकर, हे जसंच्या तसं गटात डकवलं. ज्येष्ठांचं उत्तर: "पीडीएफ मान्य. पण प्रिंट काढून फाइलला लावा."

माझं दुसरं मत मी निम्मं मागे घेतो. नमुना हवा, वेळ हवा, जागा जपून, ठीक. पण वाचायला पैसे पडणं आणि मराठीत काहीच नसणं, यावर मी ठाम आहे. निदान आमच्या जिल्ह्यातून जाहीर झालेल्या जातींची वर्णनं मराठीत उतरवून मंडळाच्या पानावर ठेवली तर? नावाला नियमाने त्याने काही फरक पडणार नाही, माहीत आहे.

पेन्शनर_काका
करा. मी तपासून देतो. मात्र चित्रं आणि फोटो उचलताना नियतकालिकाची परवानगी घ्या. वर्णन आपल्या शब्दांत लिहिलं तर अडचण नाही.

कंदीलवेडी
आणि जागेच्या रकान्यात फक्त तालुका!

मालवणी_खाजा
माझ्याकडे मोठा प्रिंटर आहे. वाघोबांसाठी एक प्रत काढेन, बांधणी त्यांची.

कागदी_वाघ
आम्लमुक्त कागद वापरणार असाल तर बांधून देतो.